हजेरीपटावरून कमी केलेलं नाव

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सांडू फरकाडेनं चोवीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली. गेटातून आत शिरलं की डाव्या अंगाला टाइम ऑफिसची खिडकी लागायची. खिडकीमागं टेबल, टेबलावर हातभर लांबीचा हजेरीपट, आणि त्यावर वाकलेला सांडू. साडेचारशे कामगारांची नावं त्याला टोकन नंबरासकट पाठ होती. हजर माणसापुढं तो निळ्या शाईनं खूण करायचा आणि गैरहजर माणसापुढं लाल शाईनं. हा एवढाच त्याच्या नोकरीचा पसारा, पण खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचं पोट त्या दोन शायांवर असतं हे तो जाणून होता. तिथं त्यानं कधी हलगर्जीपणा केला नाही. एकदा सोडून.

स्वतःचं नाव मात्र त्याला कधी आवडलं नव्हतं. त्याचं गाव सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या अलीकडं. थोरला भाऊ आप्पासाहेब जगला, पण त्याच्यामागची तीन लेकरं आईच्या मांडीवरच गेली. म्हणून चौथ्याला जन्मल्या दिवशीच सुपात घालून उकिरड्यावर सांडलं आणि परत उचलून आणलं. टाकून दिलेल्या पोराकडं सटवाई वळून बघत नाही, असा सगळ्या मुलखाचा समज. सांडलेला तो सांडू. गावात या नावाचे आणखी तिघं होते, त्यामुळं तिथं कुणी हसलं नाही. औरंगाबादला कॉलेजात आला (आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा शहराचं नाव ते होतं) तेव्हा गुलमंडीच्या मेसमधली पोरं ताटावर बसल्या बसल्या त्याला नावाचा अर्थ विचारायची. तेव्हापासून तो एस. बी. फरकाडे झाला.

कारखान्यात त्याला सांडू म्हणणारा एकच माणूस होता, कचरू हिवराळे. दोघं एकाच गावचे. सांडूचं घर वेशीच्या आत, कचरूचं बौद्धवाड्यात, ओढ्यापलीकडं. शाळेत दोघं एका वर्गात होते. कचरू आयटीआय करून टर्नर झाला. त्याचा हात असा की त्यानं काढलेल्या शाफ्टवर मोजपट्टी लावायची सुपरवायझरला लाज वाटायची. तोही आधीच्या भावंडांच्या मरणानंतर वाचलेला, म्हणून कचरू. कॅन्टीनमध्ये चहा पिताना तो म्हणायचा, "तुला सांडलं, मला कचऱ्यात टाकलं. पर उकिरडे दोन व्हते, बरं का. तुमचा वेगळा, आमचा वेगळा." सांडू हसायचा. हसताना दर वेळी कुठंतरी टोचायचं, पण तो हसायचा.

सत्याहत्तरच्या जानेवारीत कारखान्यात गिअर कापायचं जर्मन मशीन आलं. ते बसवायला ड्रेक्सलर नावाचा एक साठीचा फिटर आला आणि सहा आठवडे राहिला. त्याचं इंग्रजी मोडकं. मशीनवर नेमलेल्या कचरूचं इंग्रजी त्याहून मोडकं. म्हणून बी.ए. झालेल्या सांडूला दोघांमध्ये उभं केलं. मशीनबरोबर एक हमीपत्र आलं होतं, पाच-सहा भाषांतलं. वर मशीनचा नंबर, त्याखाली चालवणाऱ्याच्या नावासाठी रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात 'नाव' हाच शब्द त्या सगळ्या भाषांत ओळीनं छापलेला. जर्मनमध्ये आणि इंग्रजीत एकाच स्पेलिंगचा, एक 'नामं' म्हणून वाचायचा, दुसरा 'नेम'. डचमध्ये नाम. स्वीडिशमध्ये नाम्न. डॅनिशमध्ये नाव्न.

सांडू त्या ओळीकडं बघतच राहिला. "साहेब, हा आमचा शब्द आहे," तो ड्रेक्सलरला म्हणाला. "आमच्याकडं नाम म्हणतात. नाव म्हणतात."

ड्रेक्सलरनं चष्मा कपाळावर चढवला. शाळेत मास्तरांनी सांगितल्याचं त्याला आठवत होतं, की फार फार पूर्वी या सगळ्या भाषा एका घरच्या होत्या. "डॅनिश माणूस लिहितो नाव्न, पण बोलताना नाऊन म्हणतो," तो म्हणाला. मग त्यानं दोघांच्या नावांचे अर्थ विचारले. सांडूनं चाचरत सांगितले. तो हसला नाही. त्याच्या स्वतःच्या नावाचा अर्थ कातारी, लाकूड कातणारा; त्याचा आजा खरोखरच खुर्च्यांचे पाय कातायचा. कचरूनं हे ऐकलं आणि पुढं सहा आठवडे त्याला कातारीसाहेबच म्हटलं.

हमीपत्रावरच्या रेघेवर ड्रेक्सलरनं कचरूला सही करायला लावली. कचरूनं देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वर शिरोरेघ ओढून.

त्या शब्दानं सांडूला वेडच लावलं म्हणा ना. माणसाला नाद लागायला काही मोठं कारण लागत नाही; कुणी कबुतरं पाळतो, हा एक शब्द पाळायला लागला. शंभरपानी वही आणली. रविवारी लायब्ररीत जाऊन इंग्रजीचा मोठा शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचा. आधी त्याला वाटत होतं की शब्द आपल्याकडूनच तिकडं गेला असणार. ऑफिसात सगळे तसंच म्हणायचे. कोशात निराळं निघालं. कुणी कुणाकडून घेतलेला नव्हता, दोघांनाही आणखी जुन्या, आता कुणी बोलत नाही अशा भाषेतून वारसा मिळालेला होता. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज 'नामा' म्हणायचा. आइसलँडमध्ये 'नाब्न' म्हणतात आणि लिहिताना मधे 'फ' घालतात. नामचं नाव आपल्याकडं झालं, तसंच तिकडं उत्तरेला 'म' घासून 'व' झाला, एकमेकांना न विचारता. वहीत हे लिहिताना सांडूला भाऊ भेटल्यासारखं वाटलं. अर्थही तेच. जर्मन माणूससुद्धा नाव कमावतो, नाव राखतो. इंग्रजीतला 'निकनेम' म्हणजे मुळात जोडीचं, वाढीव नाव, आणि स्वीडिशमध्ये त्याच घडणीच्या शब्दाचा अर्थ हिणवायचं नाव असा झाला.

हे कचरूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे आपली दोघांची नावं त्या रांगेतली."

"तसंच काहीतरी."

"मंग लिही वहीत. कचरू, सांडू. कुठल्या तरी कोशात सापडू दे."

सांडूनं खरंच लिहिली. परत गेल्यावर ड्रेक्सलरनं एक पत्र पाठवलं, त्याचं उत्तर सांडूनं शब्दकोश उशाला घेऊन चार दिवस लिहिलं. त्या दीड वर्षात तो जितका सुखात होता तितका पुढं कधीच नव्हता.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैच्या शेवटाला विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईत झाला आणि सगळा मराठवाडा पेटला. शहरात गाड्या बंद, दुकानं बंद. कारखान्याची बस पोलिसांच्या गाडीमागून यायची. खेड्यांतून बातम्या येत होत्या त्या ऐकवत नव्हत्या. टाइम ऑफिसात लोक दबक्या आवाजात बोलायचे, आणि कोण आत आलं ते बघून बोलणं बदलायचे. सांडू कुणाच्या बाजूनं बोलला नाही. तो हजेरीपटावर वाकून बसायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी आप्पासाहेब गावाहून त्याच्या घरी आला. कपडे मळलेले, दाढी वाढलेली. राजाबाईनं, सांडूच्या बायकोनं, पाणी दिलं ते तो उभ्यानंच प्यायला.

"गावात गडबड झाली," तो म्हणाला. "ओढ्यापल्याडची सात-आठ घरं जळाली."

"कुणी जाळली?"

"लई लोक व्हते. कुणाचं नाव घेणार? तू फक्त येवढं कर, कुठं आपलं नाव येऊ देऊ नको. दोन दिवस इथं राहतो."

सांडूनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नाही. तो डबा घेऊन कामावर गेला.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि खिडकीशी कचरू उभा राहिला. अंगावर कामाचे कपडे नव्हते. गावाहून कुणीतरी सायकलीवर सिल्लोडपर्यंत येऊन निरोप धाडला होता. घर गेलं होतं. बाप आणि आई बानाबाई दोन दिवस शेतात लपून होते, बापाच्या पायाला भाजलं होतं. कचरूनं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"रजेचा अर्ज हाय. पर्सोनेलच्या सायबाला दे."

"तूच दे की. साहेब नऊला येतात."

"मला बस गाठायची. अन् तुझ्याच हातून गेला पायजे." कचरू जायला वळला. "वाच पायजे तर."

तो गेल्यावर सांडूनं कागद उघडला. कचरूचं अक्षर टपोरं. माझे आईवडील राहतात ते घर दिनांक अमुक रोजी गावातील श्री. आप्पासाहेब भिकन फरकाडे व इतर मंडळींनी पेटवून दिल्यामुळे मला त्यांच्याकडे जाणे भाग आहे, तरी पंधरा दिवसांची रजा मिळावी ही विनंती. खाली पूर्ण नाव, टोकन नंबर, तारीख.

सांडूनं कागद वाचला, पुन्हा घडी घातला आणि टेबलाच्या खणात टाकला. नऊला साहेब आले. सांडूनं खण उघडला नाही. साहेब वाईट माणूस नव्हता, पण अर्ज त्याच्या टेबलावरून चार जणांच्या हातात गेला असता, एखाद्यानं पोलिसांत नेला असता, आणि आप्पासाहेब या घडीला सांडूच्याच घरात सतरंजीवर झोपला होता. दुपारी देऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग उद्या देऊ म्हटलं. आप्पासाहेब गावी गेल्यावर देऊ, असंही म्हटलं. हजेरीपटावर कचरू हिवराळेपुढं पहिली लाल खूण पडली. मग दुसरी. प्रत्येक खूण सांडूनं स्वतःच्या हातानं केली.

विनापरवाना सलग दहा दिवस गैरहजर राहिलेल्याचं नाव कमी करावं, असा कारखान्याचा नियम होता. 'नाव कमी करणं' हा कारखान्यातला रोजचा शब्दप्रयोग, त्याचा अर्थ नोकरी गेली. अकराव्या दिवशी साहेबांनी यादी मागितली. त्या गडबडीच्या दिवसांत बरेच जण अडकून पडले होते, पण बहुतेकांचे निरोप, तारा, अर्ज येऊन पोचले होते. यादीत तीनच नावं निघाली. सांडूनं ती टाइप केली. कचरूचं नाव टाइप करताना यंत्राचा एक दांडा अडकला, तो त्यानं बोटानं सोडवला, आणि पुढची अक्षरं मारली. अर्ज हातभर अंतरावर खणात होता.

"हिवराळेचं काहीच कळलं नाही?" साहेबांनी विचारलं. "मशीनवर दुसरा माणूस नाही माझ्याकडं."

"नाही, साहेब."

हे दोन शब्द तो पुढं सोळा वर्षं ऐकत राहिला.

कचरू सतराव्या दिवशी आला. खिडकीशी आला तेव्हा सांडू उठून मागच्या खोलीत गेला. गेटवरच्या पहारेकऱ्यानंच कचरूला सांगितलं की तुझं नाव कमी झालं. कचरू बराच वेळ खिडकीसमोर उभा होता. त्यानं हाक मारली नाही. मागच्या खोलीत जुन्या रजिस्टरांच्या ढिगाआड सांडू उभा होता, आणि आपल्या श्वासाचा आवाज बाहेर जातोय की काय असं त्याला वाटत होतं.

कचरूनं युनियनमार्फत कामगार कोर्टात दावा लावला. तारखा पडत पडत दोन वर्षं गेली. ऐंशीच्या पावसाळ्यात कंपनीच्या वकिलानं सांडूला हजेरीपटासकट साक्षीला उभं केलं. कारकुनानं नाव विचारलं. "सांडू भिकन फरकाडे." तिथं एस. बी. चालत नव्हतं. मग वकिलानं विचारलं, वादीनं रजेचा अर्ज तुमच्याकडं दिला होता का? समोर बाकावर कचरू बसला होता. तो खाली बघत नव्हता, रागानंही बघत नव्हता. मशीनवर जॉब चढवताना बघायचा तसा नीट लक्ष देऊन बघत होता.

"नाही," सांडू म्हणाला.

साक्ष संपवून तो पायऱ्या उतरून निघाला तशी मागून हाक आली. कचरूची बायको चतुराबाई भरभर खाली आली. तिच्या हातात त्याची छत्री होती.

"भाऊजी, तुमची छत्री राहिली आत."

ती पूर्वीपासून त्याला भाऊजी म्हणायची. त्या दिवशी तिनं निराळं काही म्हटलं असतं तर सांडूला सोपं गेलं असतं. छत्री घेताना त्याला तिच्याकडं वर बघवलं नाही.

दावा फेटाळला गेला. कचरूनं मुकुंदवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकला आणि छोट्या कारखान्यांची कामं घ्यायला लागला. वाळूजची एमआयडीसी उभी राहिली तशी त्याच्याकडं कामाला तोटा राहिला नाही. उपाशी मेला नाही तो. पण जर्मन मशीनवर बसलेला माणूस आता रस्त्याच्या कडेला मोटारसायकलच्या बुशी काढत होता, आणि सांडूची बस दोन्ही वेळेला त्याच शेडवरून जायची. सांडू पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसायला शिकला.

त्या ऐंशी सालातच ड्रेक्सलरचं दुसरं पत्र आलं. तो आता घरी बसून होता आणि त्यानं सांडूसाठी शब्द गोळा केले होते. उत्तर समुद्राकाठचे फ्रिजियन लोक 'नाम्मं' म्हणतात. सोळाशे वर्षांपूर्वीच्या, गॉथिक नावाच्या मेलेल्या भाषेतल्या पोथीत 'नामो' आहे. डचांमध्ये 'मेत नामं', म्हणजे शब्दशः नावानिशी, पण अर्थ खास करून. आणि जर्मनमध्ये एक शब्द आहे, 'नामनलोस'. अर्थ निनावी, पण ज्या दुःखाला शब्द पुरत नाही त्या दुःखालाही नामनलोस म्हणतात. शेवटी त्यानं लिहिलं होतं, तुमचा मित्र कचरू कसा आहे? तो माझ्या हाताखालचा सर्वांत चांगला माणूस. त्याला हे पत्र वाचून दाखवा.

सांडूनं शब्द वहीत उतरवले नाहीत. उत्तरही लिहिलं नाही. अर्ज मात्र त्यानं खणातून घरी आणून त्याच वहीत ठेवला होता, आणि वही ट्रंकेत. राजाबाईला हे ठाऊक होतं. बाईला अक्षरओळख बेताची, पण त्या कागदाचं वजन तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

"फाडत बी नाही अन् देत बी नाही," ती एकदा म्हणाली. "किती दिवस सांभाळणार?"

"आप्पाचं नाव आहे त्यात."

"अन् तुमचं नाय का?"

सांडू हेड टाइमकीपर झाला. नवीन लोक त्याला फरकाडेसाहेब म्हणायचे. एखाद्याचा अर्ज उशिरा आला तरी तो स्वतः उठून साहेबांकडं न्यायचा, दुसऱ्याच्या गैरहजेरीसाठी भांडायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस. ते ऐकलं की त्याला जेवण जायचं नाही. दर सुटीला गावी जायचा तो बंद झाला, कारण एसटी ओढ्यापलीकडून वळायची.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर आप्पासाहेब डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडं येऊन राहिला. एका डोळ्यावर पट्टी, अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलेला. पंधरा वर्षांपूर्वी न विचारलेलं सांडूनं तेव्हा विचारलं.

"आप्पा, कचरूचं घर तुम्ही पेटवलं का?"

आप्पासाहेबानं खुर्ची थोडी सरकवली. मग म्हणाला, "काडी मी नाय लावली. तुझी आन."

"मग?"

"मी उभा व्हतो. म्हातारी बानाबाई बाहेर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, आप्पा, तू तर सांग यांना. मी पाटलाच्या पोराकडं बघितलं, अन् उभाच राह्यलो." त्यानं पट्टीवरून हात फिरवला. "तिनं माझंच नाव घेतलं ना? घेणारच. बाकीच्यांकडनं तिनं कायी मागितलंच नव्हतं."

सांडूला वाटलं होतं, हे ऐकलं की भावाचा राग येईल. राग आला नाही. आप्पा थोडा वेळ उभा राहिला होता, गर्दीत, भीतीनं. आपण बंद खणापुढं अकरा दिवस बसलो, एकटे, भरल्या ऑफिसात, आणि मग शपथेवर दुसऱ्यांदा. या गुन्ह्यात दोघांत थोरला कोण, हे त्याला त्या दिवशी ठरवता येईना.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. शहरात क्रांती चौकापासून विद्यापीठापर्यंत बंदोबस्त होता, लोक घराबाहेर पडायला बिचकत होते. नंतरच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सांडू ट्रंकेतून कागद काढून मुकुंदवाडीला गेला.

कचरू लेथवर होता. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. त्यानं सांडूला बघितलं, हातातला कट पुरा केला, मशीन बंद केलं, आणि मग कापसाच्या बोळ्यानं एकेक बोट पुसलं. सांडूनं कागद पुढं केला. कचरूनं तो उघडला नाही, नुसता घडीवरून ओळखला.

"फाडला नाय तर."

"नाही. माझं चुकलं, कचरू. मी खणात ठेवला. कोर्टात खोटं बोललो."

"हे मला कशाला सांगतो?" कचरूचा आवाज चढला नव्हता. "मला तर त्या दिवसापासून ठाऊक हाय. अर्ज मीच दिलता ना तुझ्या हातात. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

"आता कोर्ट पुन्हा उघडणार नाही."

"मी कोर्टाचं म्हणलो का? माझा बाप मरेपर्यंत म्हणायचा, कचऱ्या, तू अर्ज दिलाच नसशील, भीतीनं विसरला असशील. बापाला बी खरं नाय वाटलं. युनियनवाल्यांना नाय वाटलं. हा येवढा जन्म मी खोटारडा म्हणून काढला." त्यानं कागद परत सांडूच्या हातात दिला. "तुला हलकं व्हायचं म्हणून तू आला. तसं नाय व्हायचं. लिहून दे, कंपनीत दे, तुझ्या नावानिशी."

आतल्या बाजूला चतुराबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही आणि भाऊजीही म्हटलं नाही.

सांडूनं तीन दिवस लिहायला घेतले. अर्ज माझ्याकडं आला होता, तो मी माझ्या भावाचं नाव वाचवण्यासाठी दडवला, कोर्टात खोटी साक्ष दिली, कंपनीचा यात दोष नाही. खाली सही केली ती एस. बी. नव्हे, पूर्ण नावाची. मूळ अर्ज जोडला. पर्सोनेलचे साहेब आता नवे होते, तरुण. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "फरकाडे, निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत तुमची. हे घरी घेऊन जा. मी बघितलं नाही असं समजतो."

"घेऊन जाण्यातच सोळा वर्षं गेली, साहेब."

सांडूला निलंबित केलं. चौकशी झाली आणि उन्हाळ्याच्या आत त्याची नोकरी गेली. हजेरीपटावरून त्याचंही नाव कमी झालं; नव्या टाइमकीपरनं ते केलं. कचरूचा दावा अर्थातच उघडला नाही. युनियननं नेट लावल्यावर कंपनीनं एक पत्र दिलं, की कचरू हिवराळे यांनी रजेचा रीतसर अर्ज दिला होता आणि त्यांचा सेवाकाळ निर्दोष होता. युनियनच्या गेट मीटिंगमध्ये ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कचरू आला होता. वाचून झाल्यावर त्यानं पत्र घेतलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि सायकल काढून शेडवर गेला, कारण एक जॉब अर्धा राहिला होता. सांडू गेटाबाहेर पिंपळाखाली उभा होता. कचरूनं त्याला बघितलं, मान हलवली. त्याचा अर्थ काय लावायचा हे सांडूला शेवटपर्यंत कळलं नाही.

पत्राची बातमी गावात गेली. आप्पासाहेबानं माणसाकरवी निरोप धाडला, की माझ्या मयतीला येऊ नको. राजाबाई नुसतं म्हणाली, "आता जेवत जा." पण सांडूला हलकं वाटलं नाही. कचरू म्हणाला होता तसंच झालं. जी गोष्ट आत दडलेली होती ती आता उघड्यावर होती, एवढाच फरक. वजन तितकंच होतं.

जूनच्या आधी, उन्हं अजून कडक होती तेव्हा, तो एसटीनं गावी गेला. वेशीत शिरला नाही. ओढा कोरडा होता. तो ओलांडून बौद्धवाड्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदा. शाळेत असताना कचरू त्याच्या अंगणापर्यंत यायचा, तो कधी इकडं आला नव्हता. बानाबाई पत्र्याच्या घरापुढं बाजेवर पडून होती. पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली, कानानं मंद.

"कोन?"

"मी सांडू, बानामाय. भिकन फरकाड्याचा. आप्पाचा धाकटा."

तिनं डोळे बारीक केले. तो जमिनीवर बसला आणि जे लिहून दिलं होतं ते सगळं तिला सांगितलं, मोठ्यानं, कारण तिला ऐकू येत नव्हतं. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं आवाज कमी केला नाही. तिला किती कळलं कुणास ठाऊक. त्याचं बोलणं संपल्यावर ती कुडाकडं वळली.

"ह्यांच्या पायाला लई भाजलं व्हतं," ती म्हणाली. "सिल्लोडपातूर पाठीवर नेलं कचरूनं." मग थोड्या वेळानं, "शेळी व्हती एक. गाभण. ती सुटली नाय."

शेळीचं त्याला माहीत नव्हतं. अर्जात शेळी नव्हती.

ऊन सरकत तिच्या पायांवर आलं होतं. तिनं हातानं लिंबाच्या सावलीकडं खूण केली. सांडू उठला, बाजेचं एक टोक धरून ती सावलीत ओढायला लागला. बाज जड होती, एकट्याला ओढेना. दारातली एक बाई पुढं आली आणि तिनं दुसरं टोक उचललं. दोघांनी मिळून बाज लिंबाखाली ठेवली. बानाबाईनं डोळे मिटले. सांडू तिच्या पायथ्याशी खाली बसला, आणि संध्याकाळची एसटी येईपर्यंत बसून होता. कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही, आणि कुणी पाणीही विचारलं नाही.